चिनी नागाची शेपटी

खंडोजी मंडपवाल्याने आयुष्यात बेंगळुराबाहेर पाऊल टाकलं ते फक्त सासुरवाडीला. तरी छप्पन साली दसऱ्याच्या प्रदर्शनात चीन उभा करायचं ठरलं, तेव्हा काम त्याच्याकडेच आलं. कॉटनपेटेत त्याच्याइतका बांबूवर हात बसलेला माणूस दुसरा नव्हता. त्याचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर तंबू ठोकायला इकडे आले, असं घरात सांगत. तीनशे वर्षांत घराण्याने फार प्रगती केली असं म्हणता येणार नाही, पण तंबू मात्र कधी पडला नव्हता.

त्या वर्षी चीनशी दोस्तीचे वारे होते. प्रदर्शनाचे मॅनेजर भगवंतराव यांनी एक चहाचा डबा आणून खंडोजीपुढे ठेवला. डब्यावर चीनचं चित्र होतं. "असं हवं," ते म्हणाले. खंडोजीने डबा फिरवून फिरवून पाहिला आणि कामाला लागला. पाच मजली मनोरा केला, तो खालून चिनी आणि वर जाता जाता देवळाच्या शिखरासारखा झाला. लाल कागदाचे कंदील केले, ते थेट दिवाळीचे आकाशकंदील. आणि प्रवेशद्वारावर वेटोळं घातलेला भलाथोरला हिरवा नाग, तोंडात दिवा. डब्यावरच्या नागाला मिशा होत्या. खंडोजीने त्या जरा झुबकेदार केल्या, कारण नुसत्या लोंबत्या मिशा त्याच्या मनाला पटेनात.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी भगवंतराव आले, नागाकडे बघून म्हणाले, "छान आहे, पण लांबी कमी वाटते. चीन केवढा मोठा देश!" आता हिरवं कापड संपलेलं, त्यात रविवार, चिकपेटेतली दुकानं बंद आणि संध्याकाळी पाहुणे यायचे. खंडोजी सायकल मारत घरी आला. बायको, अंबुबाई, शेजारी पापड लाटायला गेली होती. पेटीत तळाशी तिची हिरवी इरकल होती, लाल काठाची, नऊवारी. खंडोजीने क्षणभर देवाकडे पाहिलं, देव काही बोलला नाही, म्हणून त्याने साडी उचलली.

ही साडी साधी नव्हती. अंबुबाईच्या आईने ती डोहाळजेवणाला दिली होती, आणि अंबुबाईने स्वतः तिच्यावर कसुतीचे मोर भरले होते, मोजून एकेक धागा उचलत, दोन वर्षं. भरून झाल्यावर नेसली मात्र कधीच नाही. "चांगल्या दिवशी नेसेन," म्हणायची. लग्नं झाली, बारशी झाली, तिला एकही दिवस पुरेसा चांगला वाटला नाही. खंडोजीने साडीला कात्री लावली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. बांबूच्या कड्यांवर ती नुसती टाचली. काठ नेमका पाठीच्या कण्यावर आला आणि शेपटी अशी काही झोकदार दिसली, की भगवंतरावांनी त्याची पाठ थोपटली. प्रदर्शन संपलं की उसवायची, घडी घालून पेटीत ठेवायची, कोणाला पत्ता लागणार, असा त्याचा हिशेब होता.

पण चोराच्या मनात चांदणं. अंबुबाई रोज विचारायची, "सगळी कॉटनपेट चीन बघून आली की हो. तुमच्या हातचा चीन, आणि मलाच दाखवायचा नाही, हे कसलं?"

"गर्दी फार आहे. स्वल्प कमी होऊ दे."

"गर्दी कमी झाल्यावर बघायचं काय, बांबू?"

शेवटच्या शनिवारी तिने ऐकलं नाही. नवऱ्याच्या हातचा चीन बघायला जायचं, यापेक्षा चांगला दिवस कुठला, असं म्हणून तिने पेटी उघडली. खंडोजी दारात चपला शोधत होता. त्या पायातच होत्या.

आतून पेटी उपसल्याचा आवाज आला. मग अंबुबाई रोजची तपकिरी साडी नेसून बाहेर आली. तोंड लहान झालेलं.

"माझी इरकल नाही पेटीत," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात सगुणा राहून गेली. जाताना पिशवी जड होती तिची."

सगुणाबाई ही तिची धाकटी बहीण, मल्लेश्वरमला राहायची. दोघींचा जीव एकमेकींवर. खंडोजीने खरं सांगायला तोंड उघडलं आणि "चल, उशीर होतोय" एवढंच बाहेर पडलं. वाटेभर अंबुबाई बोलत होती. मागितली असती तर दिली नसती का, म्हणाली. आता या दिवाळीला बोलावणं नाही की फराळ नाही, तिचं तोंड बघणार नाही, असंही म्हणाली. खंडोजीला वाटलं, वाटेत बसखाली गेलेलं बरं.

प्रवेशद्वाराशी ही गर्दी. नागाच्या शेपटीपाशी बायकांचा घोळका जमला होता. एक चष्म्याची बाई मोरावर बोट ठेवून मैत्रिणीला सांगत होती, "बघितलंस? याला म्हणतात चिनी हात. आपल्याकडे कुठलं असं काम!" भगवंतराव शेजारीच उभे होते. ते विद्वानासारखी मान हलवत होते.

अंबुबाई शेपटीसमोर थांबली. काठ बघितला, मोर बघितले. एका मोराची चोच तिरपी होती. तो भरताना पोरगा पाळण्यात रडत होता, म्हणून ती तशी झालेली. तिने हळूच त्या चोचीवर हात फिरवला आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "सगुणानं तुम्हाला विकली काय हो ही?"

नुसतं "होय" म्हटलं असतं तरी खंडोजी सुटला असता. सगुणाबाई मल्लेश्वरमला, तिला कोण विचारायला जाणार होतं? तो "हो"च्या अगदी काठावर आला, आणि त्या तिरप्या चोचीकडे बघून त्याला स्वतःची लाज वाटली.

"सगुणाचा संबंध नाही," तो म्हणाला. "मी घेतली. पेटीतून. तू पापडाला गेली होतीस तेव्हा." एवढं झाल्यावर त्याला चेव चढला. चष्म्याच्या बाईकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, "आणि बाई, हे चीनचं नाही. हिच्या हातचं आहे. कॉटनपेटेचं."

भगवंतरावांना खोकल्याची उबळ आली. बायकांनी मात्र नागाला सोडून अंबुबाईला घेरलं. धागे कसे मोजता, अक्का? मागची बाजूही सारखी कशी येते? अंबुबाई आधी लाजली, मग सांगू लागली, मग बोटांनी हवेत दाखवू लागली. कंदील लागले तरी तिचं संपेना. खंडोजी बाजूला उभा राहून शेंगा खात होता. इतक्या वर्षांत बायकोला असं बोलताना आपण बघितलंच नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

घरी परतताना अंबुबाई गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "उसवताना काठ ताणू नका."

"सरी, नाही ताणत," खंडोजी म्हणाला.

प्रदर्शन सोमवारी उठलं. साडी घरी आली, खिळ्याचं एक बारीक भोक घेऊन. खंडोजी ती पेटीत ठेवायला निघाला, तर अंबुबाईने हातातून काढून घेतली. "पेटीत ठेवली तर तुम्ही पुढल्या वर्षी तिचा जपान कराल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती इरकल नेसून, हातात लाडवांचा डबा घेऊन मल्लेश्वरमला गेली. सगुणाबाईने दार उघडलं, बहिणीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि तिचे डोळेच विस्फारले.

"अक्का, ही नेसलीस? आज काय आहे?"

"मंगळवार," अंबुबाई म्हणाली, आणि बहिणीला घट्ट पोटाशी धरलं.