खुर्चीच्या पायावरची पांढरी रेघ

गॅलरीतल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय जिथे वाकतो, तिथे पांढरी रेघ उमटली आहे. आमच्या ह्यांचा जन्म खुर्च्यांच्या कारखान्यात गेला. रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "खडूची भुकटी जास्त घातलीय. तिनं प्लास्टिक ताठ होतं, पण लवचिकपणा जातो. कण नीट चिकटले नसले, की ताण आला तिथे सुटतात. मग असं पांढरं पडतं."

अपघातात लेक गेली, तेव्हापासून आम्हीही दिवसांत काहीबाही भरतोय. सकाळी योगवर्ग, दुपारी मालिका, संध्याकाळी सोसायटीतली भजनं. लोक म्हणतात, किती खंबीर आहात! ताठ दिसतोच आम्ही. पण यातलं काही म्हणजे काही आत चिकटत नाही हो! काल भाजीवाल्यानं सहज विचारलं, "ताई दिसत नाहीत हल्ली?" आणि मी मेथीची जुडी हातात धरून नुसती उभी राहिले.

मी अंगठ्यानं ती रेघ घासून पाहिली. जात नाही.

"बसू नकोस हिच्यावर, कधीही मोडेल," हे म्हणाले, आणि स्वतःच तिच्यावर बसले. सगळा भार टाकून, डोळे मिटून.