शिवणीतली नावं

वाचनालयाच्या बाइंडरनी एकदा पुस्तक शिवलं की त्याची पुन्हा सुटायची बिशाद नसे. आत काय लिहिलंय हे बाइंडरने बघत बसू नये, अशी त्यांची शिस्त. याचाही त्यांना अभिमान होता, आणि तो ते येताजाता ऐकवत.

हल्ली मात्र त्यांच्या खोलीत काम कमी आणि वाट पाहणं जास्त. लोक वाचनालयात यायचे, पण मोबाइल चार्ज करायला नाहीतर कॉम्प्युटरवर अर्ज भरायला. म्हणून ग्रंथपाल बाईंनी स्कॅनर आणला. जे दुसरीकडे कुठेच नाही, ते लोकांना घरबसल्या वाचता यावं, असं त्यांनी ठरवलं. पहिला मान सुईणीच्या वहीचा. शहरातल्या एका सुईणीने केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची त्यात एकेक ओळ होती.

वही सपाट उघडेना. उघडणार कशी? सुईणीने समास सोडलाच नव्हता, आणि तीस वर्षांपूर्वी बाइंडरनी चांगले बोटभर आत टाके घातले होते. तिने उजव्या हाताच्या पानांवरच लिहिलेलं, त्यामुळे प्रत्येक ओळीची सुरुवात शिवणीने गिळलेली. वाचक कुरकुरले की बाइंडर म्हणत, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

“काका, टाके उसवावे लागतील,” बाई म्हणाल्या. “पण कागद पार ठिसूळ झालाय. फाटला तर संपलं.”

“मग राहू द्या की. इतकी वर्षं नीट राहिलीय.”

“राहिलीय खरी. पण पुरती वाचली कुणी?”

बाइंडर तीन दिवस तोंड फुगवून बसले. चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, बारीक कात्री घेतली आणि श्वास रोखून एकेक टाका कापला. तासाभराने पहिलं पान अख्खं सुटलं.

शिवणीखाली ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथली शाई काल लिहावी तशी काळीभोर होती, आणि तिथे नावं होती. प्रत्येक ओळ आईच्या नावाने सुरू होत होती. ‘मुलगी, पहाटे’, ‘जुळे, एक गेलं’ एवढंच लोकांनी तीस वर्षं वाचलं. कुणाच्या पोटी, ते शिवणीत. एका पानावर तेवीस बायका. आपण हे काय करून बसलो होतो, आणि तरी या सगळ्याजणी इतक्या ठसठशीत राहिल्या कशा, या विचाराने बाइंडर थक्क झाले.

बाई एकेक पान काचेवर ठेवत आणि पडद्यावर नावं उमटत. दुपारी एका ओळीशी बाइंडर थबकले. नाव त्यांच्या आईचं होतं. गल्ली तीच, साल त्यांच्याच जन्माचं. ‘मुलगा. पायाळू. दोन रात्री गेल्या. मूल रडलं तशी बाई मोठ्याने हसली.’

नवरा लवकर गेला, चार पोरं, लोकांची धुणी. आईला हसताना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

ते पडद्यावर वाकले.

“बाई,” ते म्हणाले, “हे पान परत एकदा काढा. ‘हसली’ जरा पुसट आलंय.”