पायरीतलं दगडी लाकूड

चकतीबाईचं आणि तिच्या थोरल्या भावाचं लहानपणापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. टेकडीचं प्रकरण निघालं आणि उरलंसुरलं बोलणंही भांडणापुरतंच राहिलं. वडिलांची टेकडी सपाट करून दादाला तिथे गोदाम बांधायचं होतं. बाईचं म्हणणं, टेकडीच्या पोटात दगड झालेलं जंगल आहे, हात लावाल तर याद राखा.

पुरावा काय, तर दादा राहत होता त्या वडिलांच्या घराच्या पायरीत सिमेंटने बसवलेला एक दगड. मुळात ते लाकूडच, पण लाखो वर्षांत त्याचा दगड झालेला. वडील रंगारी होते. 'आपल्याच टेकडीवर सापडलं,' असं आल्यागेल्याला छाती फुगवून सांगायचे. त्या दगडापायीच बाईने संग्रहालयात नोकरी धरली, दगडांच्या चकत्या कापण्याची. लोकांनी नाव ठेवलं ते त्यावरून.

"टेकडीवर दुसरा एक तुकडा तरी दाखव," दादा फोनवर ओरडला. "सोमवारी मशीन येतंय. बाबा थापा मारायचे आणि तुला त्या गोड लागायच्या."

"गेलेल्या बापाला थापाड्या म्हणतोस? जीभ कशी रेटते रे तुझी?"

तिने फोन आपटला, छिन्नी-हातोडा उचलला आणि तडक त्याच्या घरी जाऊन पायरी फोडली. वहिनी "अहो ताई, काय चाललंय हे?" म्हणत राहिली. बाईने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

संग्रहालयाच्या कारखान्यात तिने दगडाचा कोपरा कापला, चकती काचेवर चिकटवली आणि ओल्या भुकटीवर घासत घासत इतकी पातळ केली की आरपार उजेड दिसावा. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चौकोनी पेशी, शाळेतल्या रांगांसारख्या सरळ. मोठं छिद्र एकही नाही. म्हणजे झाड पाइनच्या कुळातलं. संग्रहालयाच्या दिवाणखान्याएवढ्या दालनात ठेवलेला दगडी ओंडकाही त्याच कुळातला, आणि तो तर कुठल्या कुठून, समुद्रापलीकडून आलेला. बाईच्या कपाळाला आठी पडली. पण एका कुळाची झाडं दोन ठिकाणी असू शकतात की! टेकडीची माती दगडाला चिकटलेली सापडली तर दादाचं तोंड कायमचं बंद होईल. माती असलीच तर खालच्या बाजूला, सिमेंटच्या आड. इतकी वर्षं चकत्या कापल्या, पण घरचा दगड उलटून पाहावा असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

सिमेंटचा पापुद्रा निघाला. माती नव्हती. होतं ते करवतीने कापलेलं सपाट तोंड, त्यावर अर्धगोल ओरखडे. संग्रहालयाच्या कारखान्यातल्या करवतीचं जुनं पातं हलायचं. त्या काळच्या प्रत्येक नमुन्यावर अस्सेच ओरखडे होते. तिने दगड दालनात नेऊन ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला लावला. वाढीच्या कड्यांना कडी जुळली, सालीवरची भेगसुद्धा सरळ पुढे गेली. संग्रहालयाचं कुंपण वडिलांनीच रंगवलं होतं, हे तिला तेव्हा आठवलं.

संध्याकाळी ती दादाच्या दारात उभी राहिली.

"टेकडीतलं नाही ते. आमच्या ओंडक्याचं आहे. हस आता पोट धरून."

दादा हसला नाही. "संग्रहालयाच्या मागच्या अंगणात कापलेल्या तुकड्यांचं भंगार पडायचं, त्यातून बाबांनी उचललं. पिशवी मीच धरली होती."

"तुला ठाऊक होतं? मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरलीस?"

"कुठे धरली? पाहुण्यांसमोर सांगून टाकलं होतं. बाबांनी पट्ट्याने फोडून काढलं मला. आणि तू टाळ्या पिटत होतीस, दादा खोटारडा, दादा खोटारडा."

"मला नाही आठवत."

"नसेल. मार तुला नव्हता बसला."

त्याने दार लावून घेतलं. बाई रस्त्यावर येऊन उभी राहिली. बाबांचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. दादाचा तर त्याहून जास्त आला, कारण त्याचंच खरं निघालं होतं.