रूबेनच्या लॅबची लाइन

रूबेन सोनावणे गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुसता बसून राहिलो. संतापलो तो चार दिवसांनी, चर्चमधल्या प्रार्थनासभेत. आमचे जुने जनरल मॅनेजर उठले, चष्मा पुसत म्हणाले, “सोनावणेजी अपने समय से बहुत आगे थे.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढे कसला, साहेब? तो वेळेवरच होता. त्याचे पाय ओढले ते तुम्ही... आणि मी.

दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर, पुढे गाझियाबादच्या एकाच कारखान्यात. तो लॅबमध्ये, मी विजेच्या खात्यात. उदारीकरणाचे दिवस होते, आजूबाजूच्या शेतांत सोसायट्या उगवत होत्या, आणि रूबेन धुराड्यातून फुकट जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या मागे लागला होता. पोलादी नळीत तांबं-जस्ताच्या काळ्या गोळ्या भरायच्या, तापवायच्या, त्यांवरून तो वायू आणि हायड्रोजन दाबाखाली सोडायचा. पलीकडे थेंब थेंब मिथेनॉल, इंधन म्हणून जळणारं. गोळ्या म्हणजे उत्प्रेरक. “आपल्या जोशीकाकूच यार! लग्न जुळवायचं आणि स्वतः बाजूला व्हायचं,” असं तो सांगे.

गोळ्या सलग हजार तास टिकतात, एवढं दाखवायचं होतं. मधेच नळी थंडावली तर आतल्या वाफेचं पाणी होऊन गोळ्यांचा भुगा होणार. वीज गाझियाबादची, कधी जाईल नेम नाही, म्हणून मी लॅबला जनरेटरची लाइन जोडून दिली. “तू आहेस ना, मग मला काळजी नाही,” तो म्हणाला. रोज सकाळी तो फळ्यावर तास लिही. आकडा नऊशेच्या वर गेला होता, आणि परदेशी पाहुणे त्यांचं तंत्रज्ञान कंपनीला विकायला आले. दुपारी वीज गेली. जनरेटरला सगळा भार झेपेना. साहेबांचा फोन आला, “मीटिंग रूम का एसी चलाओ, लॅब काट दो.”

“सर, टेस्ट चल रहा है.”

“टेस्ट फिर हो जाएगा, यार.”

खटका मी ओढला. रूबेन तेव्हा डबा खात होता. परत आला, नळीवर हात ठेवला. “मला हाक तरी मारायचीस रे...” एवढंच म्हणाला. टेस्ट पुन्हा झाली नाही. परदेशी करार झाला, लॅबला कुलूप लागलं. आज त्याच कामाचं जगभर कौतुक चाललंय. आणि हा शहाणा जन्मभर माझ्याकडे चहाला येत राहिला, तो विषय एकदाही न काढता. चार शिव्या दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

परवा रूबेनच्या घरी, वहिनींकडे गेलो होतो. दुपारीच वीज गेली, इन्व्हर्टर कुरकुरायला लागला. “भावजी, ह्यांच्या खोलीतला दिवा-पंखा बंद करता का? तिथं आता कोण आहे?” वहिनी म्हणाल्या. मी आत गेलो. टेबलावर काळ्या भुग्याची बाटली होती, झाकण घट्ट लावलेली. खटक्यावर बोट ठेवलं... दाबवेना. बाहेर आलो आणि बैठकीतला कूलर बंद केला. उकाड्यात आम्ही दोघं बसून राहिलो, आत त्याचा पंखा चालू होता.