नागपूरला विमान थांबतं

माझ्या भावाला अंतर तासांत सांगायची खोड आहे. "दिल्ली ते हैदराबाद म्हणजे कितीसं? आणि आमचं विमान मध्ये नागपूरलाही थांबतं, आई. अर्धा तास." फोनवर फुशारकीत तो हे बोलला आणि विसरला. भामरागडात बसलेली आई विसरली नाही. मुलगा, सून आणि अजून न पाहिलेला नातू नागपूरला येणार, एवढंच तिने धरून ठेवलं.

नातवाच्या कमरेला पहिला करदोडा आजीने बांधायचा, ही आमच्या घरची रीत. आईने काळा दोरा स्वतः वळला. विमानातून उतरू देतात का ते आधी विचार, असं मी म्हटलं तर ती हसली. "आलापल्लीले एसटी थांबते तवा लोकं चहा प्याले उतरत नाई का? थो बी उतरन."

तरी मी भावाला फोन लावला. "आई निंगून राह्यली. लेकराले घेऊन भाईर येशीन ना?"

तो म्हणाला, "बघतो."

त्या एका शब्दाचा मला आजही संताप येतो. उठसूट विमानात बसणारा माणूस! मधल्या थांब्यावर उतरता येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं? सरळ नाही म्हणाला असता तर आई रडली असती आणि विषय संपला असता. त्याने कोपराला गूळ लावून ठेवला.

पावसाळ्यात पर्लकोटा नदी कधी पुलावर चढेल याचा भरवसा नसतो, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच निघालो. खड्ड्यांनी अंग खिळखिळं झालं. विमानतळाच्या दारात शिपायाने तिकीट मागितलं.

"मले कुठी जाचं नाई, भाऊ," आई म्हणाली. "नातवाले पाहाचं हाय फक्त."

माणूस भला होता, पण त्याने आम्हाला बाजूला उभं केलं. मग भावाचा फोन आला. "उतरू देत नाहीत गं. नियम आहे." मागे बाळ रडत होतं. आईने फोन माझ्या हातून घेतला आणि ते रडणं ऐकत राहिली. थोड्या वेळाने विमान उडालं. कोणतं, तेही आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पर्लकोटेच्या अलीकडे अडकलो. पूल पाण्याखाली, समोर गाव दिसत होतं. तेवढ्यात त्याचा फोन. "आम्ही काल तासाभरात पोचलो. तुम्ही?"

"पोचलो ना बाप्पा, घरीच हावो," आई म्हणाली.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी फोन हिसकावला. "खोटं बोलून राह्यली थे. पुलावर पानी हाय. तुह्या पोराचा करदोडा घेऊन काठावर बसलो आमी."

तो म्हणाला, "पाणी उतरायला किती तास लागतील?"

"तुह्या विमानवाल्याले विचार," म्हणून मी फोन बंद केला.

"त्याच्या जिवाले काऊन घोर लावतं?" आई म्हणाली. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.