मोठमायचा आवाज

सगळा हॉल हसला. लातूरच्या एका कॉलेजातलं चर्चासत्र. पुढच्या रांगेत बाहेरगावचे प्राध्यापक. आणि स्पीकरमधून माझ्या मोठमायचा आवाज.

"डाक्टर म्हणला, पिशवी काढावी लागंल. म्या म्हणलं, कंची पिशवी? बाजाराची?"

पुन्हा हसले. एका बाईंनी रुमालानं डोळे पुसले. हसून हसून.

बटण मीच दाबलं होतं. मी त्या प्रकल्पात असिस्टंट. मजुरी करणाऱ्या बायकांचं आरोग्य हा विषय, विद्यापीठाची ग्रँट, आणि प्रमुख आमचे सर. त्यांनी सांगितलं, एक नंबरची फाइल लाव. मी लावली. त्यात काय कापून ठेवलंय ते मला ठाऊक नव्हतं.

मोठमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. मुखेड तालुक्यातल्या आमच्या बौद्ध वस्तीत राहते. ऐन पंचविशीत तिचं गर्भाशय काढलं. काय काढलं, कशाला काढलं, कुणी सांगितलं नाही. ही मुलाखत मीच घेतली होती. सुरू करायच्या आधी तिनं विचारलं होतं, "ह्ये कोन ऐकणार?" मी म्हणाले होते, "म्या अन् सर. बाहेरचं कुणी न्हाई." संमतीपत्रावरही तेच लिहिलेलं होतं.

त्या पिशवीच्या वाक्यानंतर ती रडली होती. लई वेळ. सरांनी ते रडणं कापलं. हसण्यापुरतं ठेवलं. पडद्यावर तिच्या गावाचं नावसुद्धा होतं.

मग सरांनी माझ्याकडं बोट केलं. "ही त्यांच्यातलीच. म्हणून त्या बायका हिच्यापाशी बोलतात. ही आमची चावी."

लोक माझ्याकडं वळून बघायला लागले. कौतुकानं.

"दोन नंबरची लाव," सर म्हणाले.

मी उभी राहिले. "सर, ही माझी मोठमाय हाय. तिनं ह्ये तुम्हाला हसायला दिलं नव्हतं. मी पुढची लावणार न्हाई."

मी लॅपटॉप मिटला. पडदा निळा झाला.

"जरा भावनिक झाली," सर लोकांना म्हणाले. "चला, चहा घेऊ."

नंतर केबिनमध्ये बोलावलं. मला बस म्हणाले नाहीत. "ग्रँटचा दुसरा हप्ता विद्यापीठात अडकलाय आणि तू तमाशा करून राहिलीस? तुझी मुदतवाढ माझ्या सहीवर आहे. तिचं नाव तरी घेतलं का मी? तुमच्या लोकांचा प्रश्न मांडतोय, त्याचं काही नाही."

"हसवून मांडा असं कुणी सांगितलं व्हतं?" मी म्हणाले आणि बाहेर आले.

नांदेडला विद्यापीठात गेले. एथिक्स कमिटीचं काम बघणाऱ्या मॅडमनी माझा तक्रारीचा अर्ज वाचला. बराच वेळ वाचला. म्हणाल्या, "तुमचं ठीक आहे. पण जिची मुलाखत आहे, तिचं म्हणणं लागेल."

म्हणजे तिला सांगावं लागणार होतं. मुखेडच्या एसटीत मला बसवेना. घरापाशी आले आणि दारावरून तशीच पुढं गेले. परत फिरले. पुन्हा पुढं गेले. शेवटी तिनंच हाक मारली.

मी सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. हात थांबले नाहीत.

"हसले?"

"हाव."

"म्या रडले, ते ऐकिवलं का?"

"न्हाई."

आता हात थांबले. ती माझ्याकडं बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मंग समदं माघारी घे," ती म्हणाली. "रडलेलं बी. त्यांच्यापाशी माझं काहीच ठिवू नको."

तिनं सही केली. अर्ज गेला. चौकशी लागली, मोठमायची मुलाखत सरांना परत द्यावी लागली, ग्रँटचा हप्ता थांबला. माझी मुदतवाढ आली नाही. सरांचे एक मित्र भेटून सांगून गेले, तक्रार मागं घे, नाहीतर पीएचडीला गाइड मिळणार नाही. घरात बाप बोलेना. रात्री झोप येत नाही. कशात मन लागत नाही. पण अर्ज तसाच आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मोठमायचं परत आलं, कारण मी तिच्या घरची. बाकीच्या बायकांचे आवाज अजून सरांच्या कपाटात आहेत. दिलेलं परत मागता येतं, हे त्यांना माहीत नाही. संमतीपत्रात होतं ते. मी मुलाखतींच्या वेळी भराभरा वाचून दाखवायचे, सरांना घाई असायची.

आता सावकाश वाचणार आहे. ज्या ज्या दारात मी रेकॉर्डर घेऊन बसले, त्या प्रत्येक दारात. कोण हसलं, कशावर हसलं, तेही सांगणार. ज्या बाईला ठेवायचं ती ठेवील. जिला परत हवं, तिचा अर्ज मी लिहीन आणि नांदेडला मीच नेऊन देईन. प्रकल्प रिकामा झाला तर होऊ दे.