डोक्यात वागलंय

माझा धाकटा भाऊ रग्बी खेळायचा. बडोद्यात कुणाला असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग तो खेळ नक्की कसा असतो ते विचारतात. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजाऱ्यांनी तर त्याला शेवटपर्यंत क्रिकेटवालाच समजलं. आई 'लंबगोल बॉलची कुस्ती' म्हणायची आणि चिखलाने भरलेली त्याची जर्सी दोन बोटांत धरून मोरीत टाकायची. तेविसाव्या वर्षी तो गेला. त्याला आता तीन वर्षं झाली.

तेव्हा मी पंधरा दिवसांसाठी माहेरी आले होते. माझं सासर पुण्याचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिथे "बारी उघडा ने" म्हणाले आणि सगळं घर पोट धरून हसलं. ते हसू माझ्या फार जिव्हारी लागलं. मी खिडकी म्हणायला शिकले, वाक्याच्या शेवटचा 'ने' गिळायला शिकले, आणि बडोद्याला आले की सगळ्यांच्या मराठीवर छडी घेऊन बसायला लागले. भाऊ मग मुद्दाम जास्त गुजराती मिसळायचा. आमची ती नेहमीचीच मस्करी होती.

त्या रविवारी त्यांची करजणला मॅच होती. दुपारी तो परत आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला. आई देवळात गेली होती. मी चहा टाकत होते.

"ताई, डोक्यात वागलंय ने," तो म्हणाला.

गुजरातीत मार लागला की 'वाग्युं' म्हणतात. आमच्या बडोद्याच्या घरांत त्याचं कधीच 'वागलं' झालंय. मला ते पक्कं ठाऊक होतं, लहानपणी गुडघा फुटला की मीही तेच म्हणत रडायचे.

"शहाण्यासारखं वागलं ना?" मी म्हटलं. "लागलं म्हण."

तो हसला. "लागलं. बस?" मग डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "बारी बंद कर ने, उजेड खुपतोय."

"खिडकी," मी म्हटलं आणि ती लावून घेतली. चहा पिताना त्याने मॅचमधली एक गंमत सांगितली. कप खाली ठेवला आणि तीच गंमत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मला वाटलं, चिडवतोय.

गुरुवारी तो सरावाला गेला. अगदी साधा टॅकल होता, बॉलवाल्याला धरून पाडतात तसा, असं सगळे म्हणतात. तो पडला, उठला, दोन पावलं चालला आणि खाली बसला. त्यानंतर तो कुणाशी बोलला नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, "पहेलां क्यारेय माथामां वाग्युं हतुं?" याआधी कधी डोक्याला मार बसला होता का, म्हणून. आई लगेच नाही म्हणाली. मी तिच्या शेजारीच उभी होते. तोच शब्द मी चार दिवसांत दुसऱ्यांदा ऐकत होते, आणि माझं तोंड उघडलं नाही. घाबरले होते, दुसरं काही कारण नाही. पुढे पुण्यात एका डॉक्टरांना मी दुसऱ्याच कुणाचं म्हणून सगळं विचारलं. ते म्हणाले, पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जीव जाऊ शकतो, आराम हाच उपाय. मग म्हणाले, "घरच्यांच्या लक्षात कसं आलं नाही?"

तेराव्याला त्यांच्या टीमचा कप्तान आला. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा मुलगा. "काकी, त्याला रविवारीच वागलं होतं," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं, घरी सांग, डॉक्टरला दाखव. नंतर विचारलं तर म्हणाला, सांगितलं घरी."

"माझा मुलगा काही लपवत नव्हता," आई म्हणाली. "घरी त्याने काही सांगितलं नाही. तू खोटं बोलतोस."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पाट उचलायला आत गेले. लाज वाटते हे लिहिताना, पण गेले.

तेव्हापासून दर वर्षी, भाऊ गेला त्या दिवशी, कप्तान हार घेऊन येतो आणि आई त्याला आत ये म्हणत नाही. त्याने रग्बी सोडली. यंदाही तो आला. आई दारात गेली आणि सरळ म्हणाली, "येत जाऊ नकोस. तुझ्यामुळे गेला तो." त्याने हार दाराच्या कडीला अडकवला आणि जिना उतरून गेला. त्याची पावलं ऐकता ऐकता मला राहवेना.

"आई, तो खोटं बोलत नाही. भावड्याने मला सांगितलं होतं."

आई खुर्चीत बसली. मग म्हणाली, "काय म्हणाला होता? त्याच्या शब्दांत सांग."

"ताई, डोक्यात वागलंय ने."

तीन वर्षांनी मी ते मोठ्याने म्हटलं. आईचे डोळे भरून आले. त्याचा आवाज ऐकल्यासारखी ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली.

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, लागलं म्हण."

"मग?" आईने विचारलं. पुढे काहीतरी असणारच, अशा चेहऱ्याने ती वाट पाहत होती.

मग काही नाही. मी त्याला चहा दिला.